किंग्स्टनची ८ जीबी डीडीआर३एल रॅम: कुठल्या जुन्या लॅपटॉपला चालते, कुठे अडते

जुन्या लॅपटॉपसाठी रॅम मागितली की काउंटरवरून एकच प्रश्न येतो, ‘डीडीआर३ ना?’ तुम्ही मान हलवता, स्टिक पुढ्यात येते आणि घरी गेल्यावर स्क्रीन काळीच राहते. डीडीआर३ हे उत्तर चुकीचं नसतं, अपुरं असतं. त्या एका नावाखाली दीड व्होल्टची रॅम येते, १.३५ व्होल्टची येते, आठ चिपांची येते, सोळा चिपांची येते. आपल्या मशीनला यातली कोणती लागते ते प्रोसेसर ठरवतो, स्लॉट नाही. स्लॉटमध्ये सगळ्याच बसतात.

इथे तपासतोय ती किंग्स्टनच्या व्हॅल्यूरॅम मालिकेतली ८ जीबीची स्टिक, मॉडेल केव्हीआर१६एलएस११/८. ऑफिसांतून निघालेले २०११ ते २०१५च्या सुमाराचे लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक आज रिफर्बिश्ड म्हणून घराघरांत आलेत आणि त्यांना रॅम वाढवायची म्हटलं की सहसा हिचं नाव निघतं. निकाल आधीच सांगून टाकतो. इंटेलच्या दुसऱ्या ते पाचव्या पिढीचा लॅपटॉप असेल आणि त्यात रॅमचा स्लॉट असेल तर ही निर्धास्त घ्यावी. पहिल्या पिढीसाठी किंवा कोअर २ ड्युओसाठी घेऊ नये, पैसे पाण्यात जातील. का, ते पुढे.

आधी नाव वाचायला शिका

केव्हीआर म्हणजे व्हॅल्यूरॅम. १६ म्हणजे १६००चा वेग. एल म्हणजे कमी व्होल्टेज, १.३५. एस म्हणजे लॅपटॉपची आखूड स्टिक, २०४ पिनांची. ११ ही लेटन्सी (मागितल्यावर डेटा यायला लागणारे घड्याळाचे ठोके), आणि तिरप्या रेघेपुढचा ८ म्हणजे जीबी. यातला एल गळला, म्हणजे केव्हीआर१६एस११/८ झालं, की तीच स्टिक १.५ व्होल्टची. एसच्या जागी एन आला की ती डेस्कटॉपची २४० पिनांची लांब स्टिक. म्हणून बिलावर नुसतं ‘८ जीबी डीडीआर३ लॅपटॉप’ लिहू देऊ नका. पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. बदलून घ्यायची वेळ आली की वाद त्या एका ‘एल’वरच होतो.

दुसऱ्या कंपनीची स्टिक हातात आली तरी हीच खूण शोधायची. लेबलवर ‘२आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस’ अशी ओळ असते. पीसी३ला चिकटलेला एल म्हणजे १.३५ व्होल्ट. १२८०० हा आकडा बँडविड्थचा आहे, १६०० गुणिले ८ बाइट, सेकंदाला १२,८०० मेगाबाइट. तिथे १०६०० असेल तर ती १३३३ची, ८५०० असेल तर १०६६ची. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सॅमसंगच्या १६००च्या स्टिकवर नंबरच्या शेवटी वायके० दिसलं तर १.३५ व्होल्ट, सीके० दिसलं तर १.५. हायनिक्समध्ये शेवटच्या ‘पीबी’आधी ए असेल तर १.३५ आणि सी असेल तर १.५. एवढं पाठ केलं की लॅमिंग्टन रोडवर डब्यात ओतून ठेवलेल्या सेकंडहँड स्टिकांतूनही आपली आपण निवडता येते.

व्होल्टेजचा घोळ

डीडीआर३एल ही दोन्हीकडे चालणारी जात आहे. १.३५वर चालते आणि बोर्डाने १.५ दिले तर तेही घेते. किंग्स्टनच्या या स्टिकच्या तांत्रिक माहितीत दोन्ही व्होल्टेज दिलेली आहेत. त्यामुळे दुसऱ्या पिढीच्या (आय३, आय५, आय७च्या पुढे दोनने सुरू होणारा चार अंकी आकडा, जसा आय५-२५२०एम) मशीनमध्ये ती दीड व्होल्टवर मुकाट चालते. तिथे आधीची दीड व्होल्टची स्टिक एका स्लॉटमध्ये तशीच ठेवून दुसऱ्यात ही घातली तरी दोन्ही दीडवर चालतात. तिसऱ्या पिढीतही तेच.

उलटं मात्र होत नाही. चौथ्या पिढीपासून (आय५-४२००यू, आय५-४३००यू वगैरे) लॅपटॉपच्या बोर्डावर रॅमला फक्त १.३५ व्होल्ट मिळतात. तिथे जुनी, बिनएलची स्टिक घातली की मशीन बीप मारतं किंवा पंखा फिरून गप्प बसतं. जळत काही नाही, फक्त चालू होत नाही. लोक मात्र ‘रॅम खराब निघाली’ म्हणून परत जातात, दुकानदार ती दुसऱ्या जुन्या मशीनवर लावून चालवून दाखवतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. नवीन घ्यायचीच असेल तर मशीन कुठल्याही पिढीचं असो, एलवालीच घ्यावी. बिनएलची घेण्याचं आज काही कारण उरलेलं नाही.

चिपा मोजा

व्होल्टेजचं बऱ्याच जणांना माहीत असतं. फसवतं ते हे दुसरं, आणि याची चर्चा फारशी होत नाही.

या स्टिकवर दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा सोळा काळ्या चिपा आहेत. प्रत्येक चिप ४ गिगाबिटची. सोळा चोक चौसष्ट गिगाबिट, भागिले ८, झाले ८ गिगाबाइट. लेबलवरचं २आरएक्स८ हेच सांगतं: दोन रँक, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपांचे दोन गट, आणि प्रत्येक चिप आठ बिट रुंद, म्हणजे एका वेळी आठ बिट देणारी.

आता प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम हाताळणारा भाग, एका ठरावीक क्षमतेपर्यंतचीच चिप ओळखतो. कोअर २ ड्युओच्या काळातल्या डीडीआर३ बोर्डांची आणि पहिल्या पिढीच्या लॅपटॉपांची (आय३-३८०एम, आय५-५२०एम असे तीन अंकी आकडे) धाव २ गिगाबिटच्या चिपेपर्यंत. त्यांना ८ जीबीची एकही स्टिक कळत नाही. थिंकपॅड एक्स२०१, टी४१०, लॅटिट्यूड ई६४१० हे सगळे या गटातले. त्यांची कमाल ४ अधिक ४, म्हणजे ८ जीबी. तीही ४ जीबीची स्टिक सोळा चिपांची हवी. आठ चिपांची ४ जीबी स्टिक म्हणजे पुन्हा ४ गिगाबिटच्या चिपा आल्या. ती एकतर दिसत नाही, किंवा निम्मी दिसते, किंवा मशीन उठतच नाही. आज नवीन मिळणाऱ्या ४ जीबीच्या स्टिका बहुतेक आठ चिपांच्याच असतात, म्हणून या मशीनांसाठी सेकंडहँड २आरएक्स८ शोधणं हाच शहाणपणाचा मार्ग. जुनी घेणं इथे कमीपणाचं नाही.

दुसऱ्या पिढीपासून ४ गिगाबिटच्या चिपा चालतात. पण याच्या वरच्या टोकालाही एक खड्डा आहे. बाजारात अनोळखी ब्रँडच्या ८ जीबीच्या अशा स्टिका सापडतात, ज्यांच्यावर सगळ्या मिळून आठच चिपा असतात, लेबलवर १आरएक्स८. या चिपा ८ गिगाबिटच्या. त्या पाचव्या पिढीला पचतात, चौथ्या आणि त्याआधीच्यांना नाही. पाकीट पारदर्शक असेल तर पैसे देण्याआधी उलटसुलट करून मोजा: समोर आठ, मागे आठ. लेबल ज्या बाजूला असतं तिथे चिपा त्याखाली झाकलेल्या असतात, पण कडेने पाहिलं की दिसतात.

डेस्कटॉपवाल्यांसाठी जाता जाता: ८ जीबीच्या डीडीआर३ डेस्कटॉप स्टिकवर ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहिलं असेल आणि भाव संशय यावा इतका कमी असेल, तर तिच्यात चार बिट रुंदीच्या चिपा असतात. इंटेलच्या साध्या बोर्डावर ती चालणार नाही. तसंच सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम. पिना २४०च, खाचही जुळते, बसते छान आणि चालत नाही.

कंपनीचा कागद आणि प्रत्यक्ष

लॅपटॉप कंपन्या विक्रीच्या वेळी ज्या स्टिका बाजारात असतात त्यांवरून कमाल रॅम छापतात. पुढे मोठ्या स्टिका आल्या तरी कागद तोच राहतो. ठळक उदाहरण २०१२च्या मध्याला आलेल्या १३ इंची, रेटिना (दाट पिक्सेलचा) स्क्रीन नसलेल्या मॅकबुक प्रोचं. ॲपलच्या कागदावर कमाल ८ जीबी, प्रत्यक्षात ८ अधिक ८ सुरळीत चालतात. तळाचे दहा स्क्रू काढले की दोन्ही स्लॉट समोर येतात. त्यातले तीन स्क्रू लांब असतात, कुठले कुठे ते काढतानाच कागदावर मांडून ठेवा. रेटिना मॉडेल आणि मॅकबुक एअर यांच्या वाट्याला जाऊ नका, त्यांची रॅम बोर्डावर झाळलेली असते.

म्हणून कमाल किती हे पाहताना दोन ठिकाणी पाहायचं. एक, प्रोसेसरचं इंटेलच्या संकेतस्थळावरचं पान. तिथे कमाल मेमरी आणि चालणारे प्रकार दिलेले असतात. दोन, लॅपटॉपचं सर्व्हिस मॅन्युअल. त्यात स्लॉट किती आणि कुठे ते कळतं. दोन्हींत फरक पडला तर प्रोसेसरच्या पानावर जास्त विश्वास ठेवावा, पण स्लॉटच्या बाबतीत मॅन्युअलवर. थिंकपॅड एक्स२३०ला दोन स्लॉट, १६ जीबी सहज. त्याचाच पुढचा भाऊ एक्स२४०, त्याला एकच स्लॉट, म्हणजे ही एक स्टिक घातली की ८ जीबीवर विषय संपला. टी४४०एसला ४ जीबी बोर्डावर झाळलेली आणि एक स्लॉट. ही स्टिक घातली की १२.

मॅन्युअल सापडत नसेल तर विंडोज १०मध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. खाली ‘वापरलेले स्लॉट’ दिसतात, दोनपैकी एक असं काहीतरी. स्वस्त लॅपटॉपांत हा आकडा कधी कधी थापा मारतो, बोर्डावरची झाळलेली रॅमही स्लॉट म्हणून मोजतो. खात्री सीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये करा. त्यातल्या एसपीडीच्या (स्टिकमध्येच साठवलेली तिची माहिती) पानावर प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकचा नंबर, रँक आणि व्होल्टेज दिसतं. मेमरीच्या पानावर वेग ८०० दिसला म्हणून घाबरू नका. तो घड्याळाचा खरा वेग; डीडीआर म्हणजे त्याची दुप्पट, १६००.

सहाव्या पिढीत मात्र थांबा. त्या वर्षांतल्या काही लॅपटॉपांत डीडीआर३एल आहे, बऱ्याच जणांत डीडीआर४. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, पिनाही डीडीआर४च्या २६०. उघडून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका.

बसवताना

विंडोजमध्ये शटडाउन करताना शिफ्ट दाबून धरा. नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे मशीन अर्धवट झोपलेलं राहतं आणि बदललेल्या रॅमवर उठताना अडखळतं. चार्जर काढा, बॅटरी काढा. बॅटरी आतली असेल तर थिंकपॅडमध्ये बायोसमधून (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमधून) ती बंद करायची सोय आहे. बाकीच्यांत तळ उघडला की बॅटरीची वायर आधी सोडवायची. मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवा.

स्टिक साधारण तीस अंशांत तिरपी धरून आत सरकवा. सोनेरी पट्टी जवळजवळ पूर्ण आत गेली पाहिजे, बाहेर केसभर रेघ दिसली तर चालेल. मग खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या धातूच्या क्लिपा ‘टक’ करून बसतील. नव्वद टक्के नव्हे, पण तक्रारींतला मोठा वाटा इथलाच असतो: क्लिपा बसल्या, पण स्टिक आत दोन मिलिमीटर कमी गेली. मशीन उठत नाही, किंवा उठतं आणि १६ऐवजी ८च दिसतात. काही मॉडेलांत एक स्लॉट तळाशी आणि दुसरा कीबोर्डखाली असतो. तिथे कीबोर्डची पट्टी ओढून तोडण्याआधी मॅन्युअल वाचावं.

जुन्या स्लॉटमध्ये धूळ असते. हवेचा फुगा मारा. स्टिकच्या सोनेरी पट्टीला खोडरबर घासण्याची आपल्याकडे पद्धत आहे. काम होतं, पण रबराचा भुगा स्लॉटमध्ये गेला की नवी कटकट. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं सुती कापड बरं.

पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन नेहमीपेक्षा उशिरा येऊ शकते. मिनिटभर थांबा, लगेच बटण दाबून बंद करू नका. डेलची मशीनं मेमरीचं प्रमाण बदललंय अशी सूचना देऊन थांबतात. ती चूक नाही, कन्टिन्यू करायचं. विंडोजमध्ये ‘१६ जीबी, वापरता येण्याजोगी ८’ असं दिसलं तर आधी स्टिक काढून पुन्हा बसवा. मग एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या साधनात बूटच्या प्रगत पर्यायांत ‘कमाल मेमरी’वर खूण केलेली नाही ना ते पाहा. ३२ बिट विंडोज असेल तर चारच्या वर काहीही दिसणार नाही, आणि विंडोज ७ होम बेसिक ६४ बिट असलं तरी आठलाच थांबतं. यात रॅमचा दोष नाही.

त्यानंतर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर लावून ठेवा. एक जरी लाल ओळ आली तरी स्टिक परत. ‘एकच एरर आहे’ असं रॅमच्या बाबतीत नसतं. लाल ओळ आली की एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये घालून पुन्हा तपासा, म्हणजे दोषी स्टिक की स्लॉट ते कळेल.

स्टिकबद्दलची तक्रार

स्टिक चांगली आहे, तरी एक गोष्ट खटकते. किंग्स्टन स्वतः चिपा बनवत नाही, दुसऱ्यांच्या घेऊन बसवते. एकाच मॉडेल नंबरखाली आज एका कंपनीच्या चिपा, सहा महिन्यांनी दुसरीच्या. वेग आणि लेटन्सी छापल्याप्रमाणेच मिळते, त्यामुळे बहुतेक मशीनांना फरक पडत नाही. पण आधीची एक आहे म्हणून वर्षाने दुसरी घेतली, तर ‘जोडी’ म्हणवणाऱ्या दोन स्टिका आतून वेगळ्या असू शकतात. १६ करायचे असतील तर दोन्ही एकाच वेळी घ्या. दोन स्टिकांचा संच केव्हीआर१६एलएस११के२/१६ या नंबराने येतो, तो मिळाला तर उत्तम.

वॉरंटी लाइफटाइम आहे. मात्र ती खऱ्या मालाला. नकली लेबल लावलेल्या स्टिका सर्रास दिसतात. ओळखायला डोळ्यांपेक्षा सीपीयू-झेड कामाचं: एसपीडीच्या पानावर निर्मात्याच्या जागी किंग्स्टनऐवजी कोरी जागा किंवा भलतंच नाव असेल, तर त्याच दिवशी दुकान गाठा. दुकानदार सात दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ देतो ती सेकंडहँड मालाची. नव्याच्या पाकिटावर ती ऐकवली जात असेल तर माल नवा नाही.

किती घ्यायची

चारचे आठ केले तर फरक पहिल्या तासात कळतो. ब्राउझरच्या दहा टॅब उघडल्यावर हार्डडिस्कचा दिवा सारखा जळायचा थांबतो. आठचे सोळा फक्त व्हर्च्युअल मशीन, मोठे फोटो किंवा पन्नास टॅबवाल्यांनी करावेत. एक ८ची एकटी घालण्यापेक्षा जुन्या ४सोबत ८ घालून १२ करणं चांगलं. इंटेलचा कंट्रोलर दोन्हीकडच्या चार-चारला मिळून दोन वाटांनी चालवतो, उरलेले चार एका वाटेने. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर जगतं, त्यामुळे दोन वाटा चालू झाल्याचा फायदा व्हिडिओत आणि गेममध्ये सर्वाधिक दिसतो.

आणि लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी, मग रॅम. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि या पिढ्या विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत, हेही खर्च ठरवताना धरा. लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर जाणार असाल तर दुसऱ्या पिढीच्या आय५ला आठ जीबी भरपूर झाले.

काढलेली जुनी स्टिक दुकानात लगेच एक्स्चेंजला देऊ नका, भाव तसाही नगण्य मिळतो. नवी स्टिक महिनाभर चालेपर्यंत ती अँटिस्टॅटिक पाकिटात ठेवा. मशीन अचानक काळं पडलं तर दोष कुठे आहे ते शोधायला चालू असल्याची खात्री असलेली एक स्टिक लागते, आणि ती हीच.